टॉवेल कारखान्यातले दोन सर्व्हर: मार्च ते जून २०२५ च्या कामाच्या नोंदी

३ मार्च

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्याचं काम आजपासून घेतलं. वरच्या मजल्यावर ऑफिसच्या मागं छोटी खोली, तिच्यात रॅक, रॅकमधे दोन सर्व्हर. वरच्यावर ईआरपी आणि त्याचा डेटाबेस, म्हणजे सूत किती आलं, कुठल्या मागावर कुठला टॉवेल लागलाय, डिस्पॅच, बिलं, सगळं त्याच्यावरच. खालच्यावर बॅकअप आणि गेटच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. दोन्हीवर लिनक्स आहे.

मालकांनी तक्रार सांगितली ती एवढीच, की वरचा मधनंमधनं बंद पडतो, बटण दाबलं की चालू होतो, आणि उन्हाळ्यात जास्त. माझ्या आधी ओएस नव्यानं टाकून झालीय, एक्स्टेन्शन बोर्ड बदलून झालाय, रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवून झाल्यात. तरी तेच.

मी विचारलं, "बीएमसीचा लॉग कुणी बघितला का?" खोलीत सगळे गप्प. मग सांगितलं काय असतं ते. सर्व्हरच्या बोर्डवर एक वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजेच बीएमसी, त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं नेटवर्क. वायर प्लगला लावलेली असली की तो जागा असतो, मग सर्व्हर बंद का असेना. तापमान, पंखे, व्होल्टेज, पॉवर सप्लाय, मेमरीच्या चुका, सगळं तो बघत असतो आणि स्वतःच्या वहीत लिहीत असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयलो म्हणतं, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, पण गाभा एकच. आणि ती वही ओएस फॉरमॅट केली तरी पुसली जात नाही, ती बोर्डवरच्या वेगळ्या चिपमधे असते.

शेडमधले जॉबर अण्णा काहीतरी कामासाठी वर आले होते, ते ऐकून म्हणाले, "म्हंजे आमच्या मागावरच्या दिव्यासारखंच की, ताणा तुटला तर वेगळा दिवा, बाणा तुटला तर वेगळा." अगदी तसंच. माग थांबला म्हणून कुणी आधी मोटार उघडत नाही, आधी वर दिवा कुठला लागलाय ते बघतात.

५ मार्च

बीएमसीच्या नेटवर्कच्या जागेला, म्हणजे मॅनेजमेंट पोर्टला, केबलच नव्हती, दोन्ही मशीनला. पोर्टवर रबराचं बूच तसंच. आयपी नाही, पासवर्ड कुणाला माहीत नाही. त्यानं अडत नाही, लिनक्समधे रूट (सगळे अधिकार) असलं की आतनं बीएमसीशी बोलता येतं. आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी बोलायची ठरलेली पद्धत, तिचे ड्रायव्हर लोड केले, आयपीएमआयटूल टाकलं, आणि पहिली कमांड एसईएल इन्फो. एसईएल म्हणजे सिस्टीम इव्हेंट लॉग, तीच ती वही.

वरच्या मशीनचं उत्तर: वापर १०० टक्के, ओव्हरफ्लो ट्रू. वही भरलेली! बऱ्याच बीएमसींमधे वही भरली की नवीन नोंद लिहिणं थांबतं, जुनं पुसून पुढं जात नाही. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात मशीन बंद पडलं तेव्हाचं त्यात काहीच नाही. जे होतं त्यातल्या बऱ्याच नोंदींना तारखेच्या जागी 'प्री-इनिट', म्हणजे बीएमसीला वेळच माहीत नव्हती.

आधी अख्खा लॉग फाईलमधे सेव्ह केला, मगच क्लिअर केला. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही, जुन्या नोंदींतनंही पुढं काहीतरी सापडतं (सापडलंच, खाली लिहितो). मग बीएमसीचं घड्याळ लावलं. इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, या मशीनच्या बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, म्हणजे लॉगमधली वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागं. सकाळी ८.१७ ची नोंद म्हणजे दुपारी १.४७. हे डोक्यात नसेल तर लाईट कधी गेली आणि मशीन कधी पडलं याचा मेळ कधीच बसत नाही.

६ मार्च

केबल ओढल्या. मॅनेजमेंट पोर्टसाठी वेगळा छोटा स्विच, वेगळं नेटवर्क, ऑफिसच्या वायफायशी संबंध नाही, बाहेरनं यायचं तर व्हीपीएनमधनंच (इंटरनेटवरची बंदिस्त खासगी वाट). मालक म्हणाले, "एवढं कशाला, राउटरवर पोर्ट उघडून द्या की, तुम्हाला घरनं बघता येईल." नाही म्हणालो आणि बसून समजावलं.

आयपीएमआय हे १९९८ मधलं स्टँडर्ड, इंटेलनं डेल, एचपी आणि एनईसी बरोबर काढलेलं, २.० आवृत्ती २००४ ची. त्या काळच्या समजुतीनं बनवलंय. २.० च्या लॉगिनच्या पद्धतीतच अशी खोट आहे की युजरनेम बरोबर असलं तर पासवर्ड तपासायच्या आधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (पासवर्डवरनं बनवलेला सांकेतिक मजकूर) समोरच्याला देऊन टाकतं, मग तो घरी बसून निवांत फोडता येतो. २०१३ पासून हे जगजाहीर आहे आणि हे फर्मवेअर (चिपमधला मूळ प्रोग्रॅम) बदलून नीट होत नाही, कारण स्टँडर्डच तसं आहे. शिवाय बीएमसी हातात आलं की मशीन बंद-चालू करता येतं, दुसऱ्या डिस्कवरनं बूट करता येतं, सगळंच करता येतं. म्हणून आयपीएमआयचा यूडीपी ६२३ पोर्ट इंटरनेटवर कधीच उघडायचा नाही. कंपनीचा मूळ पासवर्ड बदलून लांबलचक टाकला (आयपीएमआय २.० मधे २० अक्षरांपर्यंतच चालतो, त्याच्यापुढं नाही), सायफर झिरो (पासवर्ड न तपासताच आत घेणारी पद्धत) बंद केलं, अनोळखी युजर काढले. २०१५ मधे रेडफिश नावाचं नवं स्टँडर्ड आलं, ते वेबसारखं एचटीटीपीएसवर चालतं, शक्य तिथं तेच वापरावं. पण ही मशीनं जुनी आहेत, रोजच्या कामाला आयपीएमआयटूलच हाताशी पडतं.

मालकांना पटलं. त्यांनी स्विचच्या डब्याला कुलूपच लावून टाकलं, एक किल्ली माझ्याकडं.

११ मार्च

रोज सकाळी आणि दुपारी तीनला सेन्सरचे आकडे घेतोय, वहीत आणि फाईलमधे. बरं चाललेलं असताना मशीन कसं दिसतं हे माहीत नसेल तर बिघडल्यावर काय कळणार? सकाळी आत येणारी हवा २४ अंश, दुपारी २९. एसीच्या क्षेत्रातल्या आश्रे या संस्थेची शिफारस १८ ते २७ ची आहे, बहुतेक सर्व्हर ३५ पर्यंत चालायला बनवलेले असतात, म्हणजे अजून मर्यादेत आहे. पण मार्च आत्ताशी लागलाय.

मला खटकलं ते वेगळंच. एकाच खोलीत, एकाच एसीखाली, वरच्या मशीनचे पंखे खालच्यापेक्षा किती तरी जोरात फिरतायत आणि तरी त्याचा प्रोसेसर दहा-बारा अंशांनी गरम. काम जवळजवळ सारखंच आहे. म्हणजे हवा आत जात नाहीये.

आणि मेमरी. क्लिअर केल्यापासून लॉगमधे परत परत एकच नोंद: मेमरी, करेक्टेबल ईसीसी. लिनक्सच्या बाजूनं रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्रॅम) लावून बघितलं, तेही तोच स्लॉट दाखवतंय, ए३. जुना सेव्ह केलेला लॉग काढला, तर तोही निम्मा याच नोंदींनी भरलेला! म्हणजे वही भरून टाकली ती या एका पट्टीनं, आणि त्यामुळं बाकीचं काही लिहायला जागाच उरली नाही.

ईसीसी मेमरी एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते आणि पुढं चालते, दोन बिट चुकले तर ओळखते पण दुरुस्त करू शकत नाही, मग मशीन थांबतं. आत्ता सगळ्या चुका दुरुस्त होणाऱ्या आहेत. मार्च एन्ड तोंडावर, अकाउंट्सच्या ताई रात्री नऊपर्यंत बसतायत, अशात मशीन उघडायचं नाही असं ठरलं. बॅकअप मात्र रोज दोनदा केला आणि रिस्टोअर करून बघितला. रिस्टोअर केल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणत नाही मी.

२१ मार्च

आज पडलं. दुपारी तीनच्या आसपास ताईंचा फोन, "दादा, ईआरपी गेलं, सगळ्यांचंच गेलं." मी सात रस्त्याला होतो. फोनवर पहिलं सांगितलं, कुणीही बटण दाबू नका, मी येतोय.

लॅपटॉप मॅनेजमेंटच्या स्विचला लावला. सर्व्हर बंद, बीएमसी जागा. एसईएलमधल्या नोंदी, आपल्या वेळेत करून:

१.४७: पॉवर सप्लाय २, एसी लॉस्ट (इथं एसी म्हणजे लाईनची वीज, खोलीतला एसी नाही).
१.४७: तीच नोंद डीअसर्टेड, म्हणजे वीज परत आली.
२.३१: इनलेट तापमान (आत येणारी हवा), अपर नॉन-क्रिटिकल, गोइंग हाय, म्हणजे इशाऱ्याची मर्यादा ओलांडली.
२.५२: इनलेट तापमान, अपर क्रिटिकल, म्हणजे धोक्याची मर्यादा.
२.५८: प्रोसेसर, थर्मल ट्रिप, म्हणजे उष्णतेनं बंद.

एवढ्या पाच ओळी आणि सगळी दुपार समोर उभी राहते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, पहिला यूपीएसवर, दुसरा थेट लाईनवर. हे वायरमन मामांनी केलंय आणि फार चांगलं केलंय, कारण दुसऱ्या सप्लायमुळंच बीएमसीला लाईन गेल्याचं कळलं. लाईट गेली ती काही सेकंदांपुरती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर्व्हर यूपीएसवर चालूच राहिला. पण एसी? एसी बंद झाला आणि परत चालू झालाच नाही, त्याला रिमोटनं चालू करावं लागतं. खोलीचं दार बंद, आत दोन सर्व्हर आणि यूपीएसची उष्णता, वर पत्र्याचं छप्पर, सोलापूरची दुपार. तासाभरात खोलीची भट्टी झाली आणि प्रोसेसरनं जळण्याऐवजी स्वतःला बंद केलं. खालचं मशीन तेवढ्याच उष्णतेत तगलं, कारण त्याच्यात हवा नीट जातीय.

गेल्या उन्हाळ्यातलं कोडं हेच असणार असं मला वाटतंय. संध्याकाळी कुणीतरी घरी जाताना एसी बंद दिसला की चालू करायचं, सकाळी खोली थंड, मशीन ठीक, आणि दोष जायचा ओएसवर. वर्षभर लोकांनी मेहनत केली ती सगळी चुकीच्या जागी, याचं मला खरंच वाईट वाटलं. यात कुणाचा आळस नव्हता, बघायचं कुठं तेवढंच माहीत नव्हतं.

दार उघडलं, टेबलफॅन लावला, इनलेट ३० च्या खाली आल्यावरच सर्व्हर चालू केला. डेटाबेस व्यवस्थित उठला.

२२ मार्च

एसीवाला आला. लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय त्या एसीत होतीच, सेटिंग बंद होतं. ते चालू करून मेन स्विच पाडून बघितलं, स्टॅबिलायझर त्याचा वेळ घेतो, मग एसी लागतो. तीन-चार मिनिटं जातात, तेवढी चालतात.

इनलेटची इशाऱ्याची मर्यादा कमी करून ३२ ला आणली, सेन्सर थ्रेश कमांडनं. मूळची मर्यादा एवढी वर होती की इशारा येईपर्यंत उशीरच होतो. एक लक्षात ठेवायचं, काही बीएमसी रीसेट झाल्यावर ही मर्यादा विसरतात, म्हणून ती कमांड स्क्रिप्टमधेच घातली.

२ एप्रिल

मार्च एन्ड झाला, पाडवा झाला, आज कारखान्याची सुट्टी. सकाळी लवकरच मशीन उघडलं.

झाकण काढलं आणि मामा म्हणाले, "अरारा." टेरी टॉवेलचा कारखाना, मागांतनं कापसाचे तंतू सतत उडतात, शेडमधे तर पहाटेचं धुकं असल्यासारखं दिसतं, आणि ते या खोलीतही येतात. हीटसिंकच्या पात्यांमधे तंतूंचा घट्ट थर बसलेला, नमद्यासारखा, बोटानं धरून अख्खा निघाला. साधी धूळ ब्लोअरनं उडते, तंतू उडत नाहीत, ते एकमेकांत गुंततात. आधी चिमट्यानं आणि मऊ ब्रशनं काढायचं, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखे बोटानं धरून ठेवायचे, हवेनं ते मर्यादेबाहेर फिरले तर बेअरिंग जातं. सगळं बाहेर बाल्कनीत नेऊन केलं, खोलीत केलं असतं तर उडालेलं परत खालच्या मशीनमधे गेलं असतं.

मग मेमरी. ए३ ची पट्टी काढून बी३ ला घातली आणि बी३ ची ए३ ला, दोन्ही एकाच मापाच्या आहेत. चूक पट्टीबरोबर बी३ ला गेली तर पट्टी खराब, ए३ लाच राहिली तर स्लॉट नाहीतर प्रोसेसरची बाजू. नवीन पट्टी मागवायच्या आधी हे करायचंच, पैसे वाचतात आणि खात्री होते.

तंतू येतात कुठनं तेही शोधलं. फॉल्स सीलिंगच्या वर शेडच्या बाजूनं उघडं भगदाड होतं, केबल ओढताना कधीतरी पाडलेलं. बुजवलं. सर्व्हरच्या तोंडाला स्पंज लावायचा सल्ला मिळाला, तो घेतला नाही, त्यानं हवाच अडते. रॅकमधल्या मोकळ्या जागांना मात्र पत्र्याच्या पट्ट्या लावून घेतल्या, मागची गरम हवा पुढं येऊ नये म्हणून.

चालू केल्यावर पंख्यांचा वेग साडेअकरा हजारांवरनं सात हजारांच्या आसपास आला. खोलीतला आवाज एवढा उतरला की ताई दारात येऊन विचारतायत, "बंद पडलं का?"

९ एप्रिल

करेक्टेबल ईसीसी, आता बी३. पट्टीच खराब. पुण्याहून मागवली, रात्रीच्या बसनं पार्सल येईल.

१२ एप्रिल

पट्टी बदलली, मेमटेस्ट रात्रभर, शून्य चुका. लॉग परत सेव्ह करून क्लिअर.

२४ एप्रिल

बाहेर पारा चाळीसच्या पुढं, दुपारी रस्त्यावर माणूस नाही. खोलीत इनलेट २८.

इशाऱ्यांची स्क्रिप्ट चालू झाली. ती खालच्या मशीनवर चालते, दर पाच मिनिटांनी वरच्या मशीनच्या बीएमसीला विचारते, तापमान, पंखे, दोन्ही सप्लाय, लॉगमधे नवीन काय, लॉग किती भरला. खालच्याचं वरच्यावरनं बघितलं जातं. मर्यादेच्या बाहेर काही गेलं की माझ्या, मामांच्या आणि मालकांच्या फोनवर मेसेज, मराठीत: "खोली तापायलीय, एसी बघा." 'अपर नॉन-क्रिटिकल' असा मेसेज मामांना पाठवून काय उपयोग? ज्याच्या हातात रिमोट आहे त्याला कळेल असं लिहायला पाहिजे.

३० एप्रिल

मेसेज आला. दुपारी एसीचा कॉम्प्रेसर ट्रिप. मामा पाच मिनिटांत वर पोचले, दार उघडून फॅन लावला, इनलेट ३४ ला टेकून उतरलं. सर्व्हर पडला नाही. शेडमधे कुणाला कळलंही नाही.

१४ मे

वरच्याचं बीएमसी अडकलं. पिंगला उत्तर देतंय पण वेबपेज उघडत नाही, आयपीएमआयटूल टाईमआऊट. ईआरपी व्यवस्थित चाललंय, कारण दोन्ही वेगवेगळे. ओएसच्या आतनं एमसी रीसेट कोल्ड दिलं, म्हणजे फक्त बीएमसी रीस्टार्ट केलं. दोन मिनिटं पंखे पूर्ण जोरात, तेव्हा घाबरायचं नाही, बीएमसी नसताना पंखे सुरक्षित बाजू धरतात. परत आलं. ओएस चालू राहतं, लोकांना काम थांबवावं लागत नाही. यानंही आलं नसतं तर सुट्टीच्या दिवशी दोन्ही वायरी काढून, पॉवर बटण दाबून धरून, बोर्डवरची उरलेली वीज घालवून परत लावावं लागलं असतं.

२७ मे

यंदा मे मधेच पावसानं धरलंय. रात्री लाईट गेली ती बराच वेळ आलीच नाही, यूपीएस संपलं, दोन्ही मशीन बंद. पहाटे लाईट आली. चॅसिस पॉलिसी ऑलवेज-ऑन केलेली आहे, त्यामुळं आपोआप चालू व्हायला पाहिजे होती. खालचं झालं, वरचं पॉवर ऑन दाखवतंय पण ओएस येत नाही.

जुळे सोलापूरला घरी बसूनच व्हीपीएनमधनं सीरियल ओव्हर लॅन लावलं, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन अक्षरांमधे इथं दिसते. पुढ्यात ओळ: बायोसचं सेटिंग मूळपदाला गेलंय, पुढं जायला एफ१ दाबा. सीरियलवर एफ१ ची की तशी जात नाही, एस्केप आणि मग १ दाबायचं, ते गेलं. मशीन उठलं, सकाळच्या पाळीच्या आधी ईआरपी चालू. पाऊस कोसळत असताना एमआयडीसीपर्यंत जायची गरज पडली नाही, बीएमसी असण्याचं हे सुख आहे.

कारण बोर्डवरचा बटणसेल. सेन्सरमधे व्हीबॅट, म्हणजे सेलचं व्होल्टेज, बघितलं तर ३ च्या जागी २.४. एरवी वायर लावलेली असल्यानं सेलवर कधी वेळच आली नव्हती. सीआर२०३२ सेल, नव्या पेठेत कुठंही मिळतो. आता व्हीबॅटही स्क्रिप्टमधे घातलं.

१ जून

सुट्टीत दोन्हीचे सेल बदलले, बायोसची सेटिंग परत लावून फोटो काढून ठेवले.

२७ जून

परवा अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, हल्लेखोर प्रत्यक्ष वापरतायत अशा खोटींच्या यादीत सीव्हीई-२०२४-५४०८५ या नंबरची खोट घातली. एएमआयच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली आहे, रेडफिशच्या वाटेनं पासवर्डशिवाय आत शिरता येतं, गंभीरता दहापैकी दहा. बीएमसीमधली एखादी गोष्ट त्या यादीत पहिल्यांदाच आलीय. मेगारॅक बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डवर असतं, त्यामुळं आपल्यात काय आहे हे प्रत्येकानं बघायला पाहिजे. एमसी इन्फो कमांडचं उत्तर आणि बोर्डचं मॉडेल घेऊन कंपनीच्या साईटवर तपासलं. वरच्याचं फर्मवेअर वेगळं आहे. खालच्याचं मेगारॅकच, पण कंपनीनं सुधारित आवृत्ती दिलेली आहे.

मालकांना फोन केला. त्यांनी लगेच विचारलं, "आपला तो कुलपातला स्विच आहे ना, त्याच्यावरच आहे ना हे?" होय म्हणालो. बाहेरनं कुणी पोचू शकत नाही, पण अपडेट करायचंच.

२९ जून

यूपीएस पूर्ण चार्ज, लॉग सेव्ह, बीएमसीच्या सेटिंगची प्रत घेतली, मगच फर्मवेअर चढवलं. मधे वीज गेली तर बीएमसी कायमचं मरू शकतं म्हणून जनरेटर चालू ठेवायला मामांना सांगितलं होतं. पंधरा-वीस मिनिटं लागली. झाल्यावर तपासलं तर तापमानाची मर्यादा मूळच्या आकड्यावर गेलेली, स्क्रिप्टनं पाच मिनिटांत परत ३२ ला आणली. पासवर्ड आणि आयपी जागेवर. सायफर झिरो मात्र परत चालू झालेलं सापडलं, ते बंद केलं, आणि हाही तपास स्क्रिप्टमधे घातला.